वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण अडवणारे डॉ. जॅक सिक्वेरा मराठीद्वेष्टे होते का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : मुळीच नाही. मराठी माझा जीव की प्राण, तरी हेच म्हणेन. गोव्याच्या पहिल्या विधानसभेत सत्ता मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या, विलीनीकरण हवं असलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे. विरोधात सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे १२ आमदार. विधानसभेच्या नुसत्या ठरावावर गोव्याचं भवितव्य ठरवू नका, थेट लोकांना विचारा, हा त्यांचा आग्रह. या जनमत कौलाआधी सरकारने पायउतार व्हावं, हाही. भाऊसाहेबांनी राजीनामा दिला, हे त्यांचंही मोठेपण! १६ जानेवारी १९६७ रोजी मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल, वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्यासाठी दोन पानं. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. आपली कोकणी जपणाऱ्याला मराठीचा वैरी कसं म्हणू? मराठी शाळा तर गोव्यात आजही भरतात.