‘समंध’ म्हणजे नेमकं काय? तो सूड कुणावर घेतो? समंध आणि भूत एकच का?

एकच नाही. भूत हा सरसकट शब्द, समंध ही त्यातली एक जात. ‘संबंध’ बोलण्यात झिजून ‘समंध’ झाला आणि गावाकडे अजूनही दोन्हींचा उच्चार एकच. आमची आजी म्हणायची, "त्या वावराशी आपला काय बी समंध न्हाई." लहानपणी मला वाटायचं, म्हणजे तिथे रात्री जायला हरकत नाही!

ज्याचा घराशी, जमिनीशी, पुरून ठेवलेल्या पैशाशी असलेला संबंध मेल्यावरही सुटत नाही, तो समंध. बहुधा निपुत्रिक, ज्याचं दिवसपाणी कुणी केलं नाही असा. ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. मुंजा वेगळा, तो सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, मुक्काम पिंपळावर. हडळ, जखीण या बायका. खवीस अरबी ‘खबीस’वरून आलेला, तो आता आपण तुसड्या साहेबांसाठी राखून ठेवलाय.

तुम्ही सूडाबद्दलही विचारलंय. चकवा वाटेवरच्या कुणालाही रात्रभर फिरवतो. समंधाचं तसं नाही, त्याला परक्यांशी काही घेणंदेणं नसतं. ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांनी १९१५ साली छापलेल्या कोकणातल्या लोकसमजुतींच्या टिपणांतही समंध छळतो तो आपल्याच घरच्यांना, आणि भगताकरवी शांत केला की उलट पाठीराखा होतो. मला तर हे भूत भाऊबंदकीतूनच जन्मलेलं वाटतं. वाटणीच्या भांडणातला एक पक्षकार मेला, पण त्याने दावा काही मागे घेतला नाही!

बोलताना तो ‘मानगुटीवर बसतो’ किंवा ‘धरतो’. "कर्जाचा समंध मानगुटीवर बसलाय", "समंधासारखा मागे लागलाय" असं म्हणतात. नुसत्या भीतीसाठी मात्र हा शब्द चालत नाही. अंधाऱ्या जिन्यात समंध नसतो. वीस वर्षं न फिटणाऱ्या हप्त्यात असतो. सुटता सुटत नाही असं काही असेल तरच वापरा.

आणि लिहिताना जपून. मोबाइलचा कीबोर्ड ‘समंध’चा गुपचूप ‘संबंध’ करतो. हे उत्तर लिहिताना चारदा केला. व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्याचं चुकत नाही म्हणा, पण "कर्जाचा संबंध मानगुटीवर बसला" वाचून कोण घाबरणार?