व्यावसायिक क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यांना भविष्य आहे का? आता डीएसएलआर घ्यावा की मिररलेस?

तुमच्याकडे निकॉनचा डी७२०० आणि २००-५०० लेन्स आहे, पक्ष्यांचे फोटो काढता, आता त्यातून चार पैसे मिळवायचं मनात आहे. जुना डी५०० (डीएसएलआर म्हणजे आरशाचा, आणि क्रॉप म्हणजे लहान सेन्सरचा व्यावसायिक कॅमेरा) घ्यावा की त्याच्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, वारसाची वाट बघावी, असा तुमचा प्रश्न. वाट बघू नका, हे आधीच सांगतो. मीही पक्ष्यांच्याच मागे असतो, म्हणून उत्तर त्याच अंगानं देतोय. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

वाट बघणाऱ्यांच्या आशेला कारण आहे. निकॉनचा व्यावसायिक क्रॉप डी३००एस २००९ साली आला, त्यानंतर बरीच वर्षं त्या तोडीचं काहीच नाही. निकॉननं हा वर्ग सोडलाच, असं बहुतेकांनी धरलं होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वात वरच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) डी५च्या सोबतीनं डी५०० अचानक समोर आला. पण तो इतका का जमला, ते बघा. डी५ मधली १५३ पॉइंटांची ऑटोफोकस यंत्रणाच निकॉननं त्यात घातली होती. डीएसएलआरमध्ये ही यंत्रणा आरशाच्या खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसते आणि तिचा आवाका ठरलेला असतो. फुल फ्रेममध्ये ते पॉइंट मधोमध गोळा झालेले दिसतात. क्रॉपची चौकट लहान, त्यामुळे तेच पॉइंट जवळजवळ डाव्या-उजव्या कडेपर्यंत पोचले. उडता पक्षी कडेकडे सरकला तरी फोकस त्याला धरून राहायचा. डी५च्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी किमतीत, या एका बाबतीत डी५पेक्षा सरस बॉडी मिळत होती!

मिररलेसमध्ये ही मेहेरबानी संपली. तिथं फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे फुल फ्रेमलाही पॉइंट कडेपर्यंत मिळतात.

डी५०० जमण्याचं दुसरं कारण रीचचं, म्हणजे दूरचा पक्षी चौकटीत मोठा दिसण्याचं. क्रॉपवर ५०० मिमीची लेन्स ७५० मिमीसारखी चौकट देते आणि पक्ष्यावर पिक्सेल जास्त पडतात. पण २०१७ साली निकॉननंच ४५.७ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम डीएसएलआर डी८५० आणला. तो क्रॉपवर टाकला, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरला, की साधारण १९ मेगापिक्सेल उरतात, डी५००चे २०.९ आहेत. म्हणजे डी५००च्या पोटावर पाय आणला तो मिररलेसनं नव्हे, घरच्याच भावानं. २०२३चा फुल फ्रेम मिररलेस झेड ८ तेवढ्याच मेगापिक्सेलचा आहे आणि शिवाय पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस धरतो, रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) सेकंदाला २० फ्रेम देतो. त्याच्या पोटात एक अख्खा डी५०० मावतो.

उरला प्रश्न पैशाचा. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा डी५०० सुमारे २,००० डॉलरला होता, झेड ८ सुमारे ४,००० डॉलरला. या मधल्या जागेत निकॉनचा व्यावसायिक क्रॉप मिररलेस अजून नाही आणि तुमच्या-माझ्यासारख्यांची चडफड तिथलीच आहे. निकॉननं नोव्हेंबर २०२४ मध्ये झेड ५० टू हा क्रॉप मिररलेस आणला. त्यात प्रोसेसर झेड ८चाच आहे, पक्षी ओळखणारा फोकसही आहे. पण सेन्सर जुन्या पिढीचा, बॉडीत हाताचा हलका कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, बॅटरी लहान, कार्डाचा खण एकच. क्रॉप म्हणजे हौशी लोकांसाठी, हेच निकॉन त्यातून सांगतंय असं मला वाटतं.

व्यावसायिक क्रॉप संपला मात्र नाही, त्यानं घर बदललंय. कॅननचा आर ७ (२०२२) हा त्यांच्याच जुन्या क्रॉप डीएसएलआरच्या, ७डी मार्क २च्या, गादीवर बसलेला म्हणता येईल: ३२.५ मेगापिक्सेल, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम. त्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या ३० फ्रेमना भुलू नका. सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे वेगानं हलणारे पंख वाकडे येतात. फुजीच्या एक्स-एच२एसमध्ये स्टॅक्ड, म्हणजे फार वेगानं वाचला जाणारा, सेन्सर असल्यानं हा त्रास फार कमी, तोही सेकंदाला ४० फ्रेमवर. फुजीकडे फुल फ्रेमच नाही, क्रॉपवरून ते थेट मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे फुल फ्रेमहून मोठ्या सेन्सरवर, जातात. म्हणून चांगला क्रॉप बनवत राहणं ही त्यांची गरज आहे आणि या वर्गाचं भवितव्य मला तिथंच जास्त भक्कम दिसतं. पण त्यासाठी तुमची लेन्स विकावी लागेल आणि त्यांची १५०-६०० लेन्स लांबच्या टोकाला एफ ८, म्हणजे उजेड कमी घेणारी, आहे. भिगवणला उजाडायच्या आत होडीत बसणाऱ्याला ते आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्यात लगेच दिसेल.

आरशाच्या कॅमेऱ्यांचं म्हणाल तर कॅनन-निकॉनचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० साली आले, डी५००चं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. आरशाला चिकटून राहिलाय तो पेंटॅक्स. म्हणजे डी५०० घ्याल तो पुढचा रस्ता नाही हे धरून घ्या. तरीही तुमच्या जागी मी तोच घेईन. २००-५०० त्यावर आहे तशी चालते. बॅटरी एका चार्जवर हजाराच्या वर फोटो सहज देते. शिवाय तासन् तास व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलं तरी ती फारशी उतरत नाही, हे मिररलेसला अजून जमलेलं नाही. काम मिळायला लागलं, पैसे साठले, की झेड ८ आणि डीएसएलआरच्या लेन्स त्याला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर घ्या. २००-५०० त्यावर ऑटोफोकससकट चालेल. फक्त बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स आता घेऊ नका, एफटीझेडवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही.

जुना डी५०० घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, बघा. शटर २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्याच्या जवळ गेलेली बॉडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. ग्रिपचं रबर आणि कार्डाच्या खणातल्या पिनाही बघा. त्याला लागणारी एक्सक्यूडी प्रकारची मेमरी कार्डं आता शोधावी लागतात, पण फर्मवेअर अपडेट केला की सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्ड चालतं. विकणाऱ्याला तो अपडेट आधीच करून द्यायला सांगा.