समुद्राजवळ एसी बसवताय? तुमचे प्रश्न, माझी चिडचिड

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच आहे, एसी चालू आहे, थंडीही वाजते, पण अंगाची चिकचिक जात नाही. त्यामुळे तेच पुन्हा सांगतोय, नीट वाचा.

प्रश्न: एसी जिथून घेतला त्याच दुकानदाराचा माणूस बसवून देतो म्हणतोय. चालेल का?

चालेल, फक्त बसवण्याच्या कामाची वॉरंटी कोण देतंय ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न: दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. एकाने दारातूनच खोली बघितली आणि दीड टन म्हणाला. दुसरा म्हणतो समुद्र जवळ आहे, दोन टनच घ्या, मोठा घेतला की पस्तावा नाही. कोणाचं ऐकू?

कोणाचंच नाही, दोघांनीही टेप बाहेर काढलेली नाहीये.

टन म्हणजे काय हे आधी समजून घ्या, २४ तासांत २००० पौंड बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते ते हे माप, बर्फाच्या धंद्यातून आलेलं, आजच्या भाषेत साधारण ३.५ किलोवॅट. आता किनाऱ्यावर एसीला दोन कामं असतात, हवा थंड करायची आणि हवेतलं पाणी काढायचं, आणि हे दुसरं काम कोणी धरतच नाही. हवेतलं एक लिटर पाणी कॉइलवर, म्हणजे एसीतल्या गार नळ्यांच्या जाळीवर, उतरवायला जवळपास ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता ओढावी लागते, म्हणजे तासाला एक लिटर काढायचं तर एक टनाच्या मशीनची पाचव्या हिश्श्याएवढी ताकद नुसत्या पाण्यातच गेली. आणि पाणी निघायला वेळ लागतो! कॉइल आधी गार व्हावी लागते, मग तिच्यावर थेंब धरतात, मग ते ओघळून ड्रेनला लागतात. गरजेपेक्षा मोठं मशीन काय करतं तर खोली पाच-सात मिनिटांत गार करून कॉम्प्रेसर बंद करतं, थेंब कॉइलवरच राहतात, पंखा तेच पाणी परत खोलीत फुंकतो. मग तुम्ही २४ वरून २० वर आणता, २० वरून १८ वर, खोलीचं होतं गारढोण तळघर, आणि कपाटातले कपडे तरी दमटच.

"पण सर इन्व्हर्टर आहे ना" हे मला पाठ झालंय. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, कमी ताकदीवर उतरतो हे खरं, पण त्यालाही खालची मर्यादा असते, आणि कमी ताकदीवर चालताना बऱ्याच मशीनमध्ये कॉइल फारशी गार राहत नाही, मग पाणीही कमीच निघतं.

तर जो माणूस खोलीची लांबी-रुंदी-उंची, खिडक्या कुठल्या दिशेला, वर गच्ची आहे की दुसरा मजला, माणसं किती, बाहेरची हवा फटीतून किती शिरते एवढं विचारतो आणि त्यावरून हीट लोड, म्हणजे खोलीतून किती उष्णता काढावी लागेल ते, कागदावर काढून देतो, त्याला काम द्या. "मी वीस वर्षं हेच करतोय" हा हिशोब नव्हे. घरात एक हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता मोजणारी छोटीशी वस्तू आहे, आत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर तुमची तक्रार थंडीची नाहीच, आणि कधीकधी योग्य साइजच्या एसीसोबत वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं मशीन) लावणं हेच बरं पडतं. तुमच्या घराला नक्की काय लागेल ते मी इथे बसून सांगणार नाही, मोजमाप घेणाऱ्यालाच विचारा.

प्रश्न: दरवर्षी गॅस भरावाच लागतो का? मेकॅनिक म्हणतो खाऱ्या हवेत गॅस उडतो.

खाऱ्या हवेत गॅस उडत नाही, तुमचे पैसे उडतात. एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, तो बंद नळीत फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आधी नायट्रोजन भरून लीक शोधायचं, दुरुस्त करायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा ओढून दाब ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली आणायचा, मगच वजन करून गॅस. पंप न लावता गॅसनेच नळीतली हवा हाकलणारा मेकॅनिक आत दमट हवा ठेवून जातो, तो ओलावा कॉम्प्रेसरच्या ऑइलशी मिळून ॲसिड करतो. आणि बऱ्याच एसीत असतो तो आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे, तेव्हा घरी प्रयोग नकोत, ट्रेनिंग घेतलेलाच माणूस बोलवा.

प्रश्न: आउटडोअर युनिट समुद्राच्या बाजूला आहे. निळं कोटिंग असलं की धुवायला लागत नाही असं ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या फिन्स (पातळ पट्ट्या) एकमेकांना चिकटून असतात, मध्ये मिठाचं पाणी आलं की झाली बॅटरी, आणि त्यात ॲल्युमिनियमचा भुगा होतो. कोटिंगने ते लांबतं, थांबत नाही. मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं, प्रेशर पंप मारला तर फिन्स वाकतात, आणि सर्व्हिसिंगवाला ॲसिडची बाटली काढेल तर हात धरा. किती दिवसांनी धुवायचं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा. जमत असेल तर युनिट आडोशाच्या भिंतीला हलवता येईल का तेही कॉन्ट्रॅक्टरला विचारा, आणि स्टँडला साधं रंगवलेलं लोखंड नको.

प्रश्न: छताजवळून थेंब पडतात. गॅस लीक आहे का?

लीक झालेला गॅस थेंब होऊन पडत नसतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी थेंब होऊन उतरायला लागतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो, त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूला घाम फुटणारच, त्यामुळे बहुतेक वेळा एकतर पाइपवरचं इन्सुलेशन फाटलंय नाहीतर ड्रेनला उतार नाही. कधीकधी गॅस कमी झाल्याने कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळतो, म्हणून बघून घ्या.

प्रश्न: थंडीसाठी वेगळा हीटर घेऊ की गरम-थंड दोन्ही करणारा एसी?

किनाऱ्यावर थंडी फार कडक नसेल तर दोन्ही करणारा. साधा हीटर एका युनिट विजेत एक युनिटच उष्णता देतो, हा बाहेरची उष्णता आत ओढतो म्हणून सौम्य थंडीत तीनेक पटही देऊ शकतो. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा मात्र अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: भिंतीवर काळी बुरशी आलीये, मुलाला खोकला आहे. कॉन्ट्रॅक्टर दोन महिने उद्या-उद्या करतोय, थांबू का?

दोन महिने कशाची वाट बघताय? मुलाला आजच डॉक्टरांकडे न्या, कॉन्ट्रॅक्टर बदला, आणि नवीन येईल त्याला पहिल्यांदा खोलीची आर्द्रता मोजायला लावा, नुसता भिंतीला रंग मारून देणारा नको.

प्रश्न: आज ॲडव्हान्स दिला तरच डिस्काउंट म्हणतोय, काय करू?

जाऊ द्या त्याला.