आधी एकच

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सात कोंबडे मोठे झालेत, रक्त निघेपर्यंत भांडतात, माद्यांच्या पाठी सोलवटल्यात, आणि परवा तू सुरी घेऊन खुराड्यापर्यंत जाऊन परत आलीस. रडलीस, मग रडल्याची लाज वाटली. त्यावर मी समजूत काढणार नाही. हाताने वाढवलेला जीव घेताना काही वाटू नये अशी तू नाहीस, मीही नव्हते. मला घोर आहे तो शेवटच्या ओळीचा: 'रविवारी सातही उरकून टाकते.'

नको. पहिल्या दिवशी एकच.

सगळे सांगतील, पाणी एकदाच तापव, पसारा एकदाच आवर. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं. तीन नीट झाले. चौथ्यापर्यंत सुरीची धार गेली होती, बोटं निसटत होती, पण मागे आणखी तीन थांबले होते म्हणून मी हात थांबवला नाही. पहिल्या वारात तो गेला नाही. सुरी पुन्हा नीट धरायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ तो शुद्धीत होता. माझ्यामुळे.

आता नीट वाच. आदल्या संध्याकाळी एकाला डालग्याखाली वेगळा ठेव. दाणा बंद, पाणी चालू. आतडं भरलेलं असलं की साफ करताना फुटतं आणि मांस घाण होतं. सुरीला धार त्याच रात्री लाव. सकाळी अंधार असतानाच उचल, तेव्हा तो शांत असतो. टोक कापलेल्या मोठ्या नरसाळ्यात डोकं खाली करून ठेव, म्हणजे पंख आपटून मोडत नाहीत. जबड्याच्या अगदी खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापायच्या, प्रत्येकीला एकच ओढ. मग मागे सर आणि दोन-तीन मिनिटं रक्त वाहू दे. शुद्ध गेल्यावरही तो पाय झाडतो, पंख फडफडवतो. ते स्नायूंचं असतं. हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी घाबरून पहिल्याला विनाकारण पुन्हा कापलं. पाण्यात घालण्याआधी मात्र खात्री कर: श्वास नाही, डोळ्याला बोट लावलं तरी पापणी हलत नाही.

पाणी 60 ते 65 अंश, अंदाजाने नाही, थर्मामीटर लावून. पाऊण-एक मिनिट बुडव, शेपटीचं पीस सहज निघालं की बाहेर काढ. जास्त शिजलं तर पिसांबरोबर कातडंही येतं. पिसं काढायला हात आपोआप शिकतो.

आतलं काम मात्र सावकाश. गुदद्वाराभोवती कापताना सुरीचं टोक आतड्याला लागता कामा नये. यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर जिथे सांडेल ते कडू होतं. फुफ्फुसं फासळ्यांत रुतून बसलेली असतात, ती बोटांनी खरवडावी लागतात. यकृतावर ठिपके किंवा गाठी दिसल्या तर तो खाऊ नकोस. सात रांगेत असताना तू यकृताकडे बघणार आहेस? मी बघितलं नव्हतं. साफ केल्यावर गार करायला बर्फाचं पाणीही सातांना पुरत नाही; माझे दोन ऊन मांस तसंच पडून राहिल्याने फेकावे लागले. मारून फेकले, पोरी! एकाला पुरेल इतका बर्फ घरात असतो. पूर्ण गार झाला की एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेव, ताठरलेलं अंग सैल होऊ दे, मगच शिजव.

घरचे मला म्हणत, जीव तर जाणारच, मग आठवडे कशाला लावतेस? जातो, कबूल. पण त्या दिवसानंतर मी एका वेळी दोनांच्या वर कधी घेतले नाहीत, आणि दर वेळी मधे धार लावली. हट्टी म्हणतात, म्हणू देत. तेव्हा मी तुझ्याच वयाची होते, पाणी निवत होतं, सांगणारे मोठे होते. तरी चौथ्यापाशी सुरी खाली ठेवता आली असती. ठेवली नाही.

उरलेल्या सहांना माद्यांपासून वेगळं जाळीत ठेव, तेवढ्याने त्यांच्या पाठी भरून येतील. रविवारचं काम सोपं गेलं तरी दुसरा पकडायचा नाही. सुरी धू, फळी धू, हात साबणाने धू. मग मला लिही: वार कुठे लागला, पाणी किती तापलं होतं, यकृत कसं दिसलं. सहांचं आपण त्यानंतर बघू.