ऑटिझम असलेल्या मुलासाठी न्यूरोफीडबॅकचं पॅकेज घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, दोन-तीन शब्द जोडून बोलतो, आणि थेरपी सेंटरने ४० सेशन्सचं न्यूरोफीडबॅक (मेंदूच्या लहरी मोजून त्या बदलायला शिकवणं) सुचवलंय. साठ हजार, तेही आगाऊ. "याने बोलणं सुधारेल का?" असं विचारलंय.

बोलण्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर माझी पहिली नोकरी अशाच एका सेंटरमधली. दोन वर्षं मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आहेत, म्हणून सांगतेय.

आधी तिथे काय होतं ते सांगते, कारण पालकांना बहुतेक वेळा काचेबाहेर बसवतात. टाळूवरचे केस बाजूला करून ती जागा खरखरीत जेलने घासायची. पेस्ट भरलेली छोटीशी वाटी तिथे दाबून बसवायची, कानाच्या पाळ्यांना क्लिपा. डोक्यात वीज सोडत नाहीत, नुसती मोजतात (हे प्रत्येक आजी विचारायची). समोर स्क्रीनवर आगगाडी. सेकंदाला ४ ते ८ वेळा हेलकावणाऱ्या थीटा लहरी कमी झाल्या आणि १२ ते १५ वाल्या वाढल्या की गाडी पळते, नाहीतर थांबते. मेंदूने हळूहळू ही सवय लावून घ्यावी, अशी कल्पना.

अडचण अशी की या लहरी व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजाव्या लागतात. पापणी लवली, दात आवळले, मान वळली तरी त्याचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा येतो. माझ्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा यायचा, त्याला दात खायची सवय. दात आवळले की सॉफ्टवेअर तो गोंगाट समजून गाडी थांबवायचं. पाचव्या-सहाव्या सेशनला पठ्ठ्याने मेख ओळखली. तोंड उघडं, जबडा सैल, डोळे ताठ, आणि गाडी सुसाट! आलेख असा काही सुधारला की प्रोग्रेस रिपोर्टच्या पहिल्या पानावर गेला. आईने पेढे आणले. पोरगं हुशार, यात वाद नाही, पण शिकलं ते गाडी पळवायला. घरी दात खाणं होतं तसंच होतं. मी सेंटरच्या सरांना म्हटलं, तर म्हणाले, "पालकांना आलेख कळतो, बाकीचं सांगत बसू नकोस."

या तंत्राचा उगम मात्र भोंदूगिरीत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना ही १२ ते १५ ची लहर वाढवायला शिकवलं होतं. पुढे रॉकेटच्या इंधनाच्या विषारी परिणामांवर प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आलं की हीच मांजरं झटक्यांना जास्त टक्कर देतात. तिथून हे अपस्माराकडे (फिट येण्याचा आजार) गेलं, मग एडीएचडीकडे (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा), आणि तिथून ऑटिझमकडे. मांजरांपासून आपल्या मुलांपर्यंत येताना पुरावा मात्र विरळ होत गेला.

ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की ऑटिझम असलेल्या मुलांच्या भाषा-वाणीच्या अडचणींसाठी न्यूरोफीडबॅक वापरू नये. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ऑटिझम असलेल्या ३८ किशोरवयीनांवरचा अभ्यास आला. काही मुलांना लहरी बदलणं जमलं, पण ऑटिझमच्या लक्षणांत त्यामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. माझ्या त्या आगगाडीवाल्याची आठवण झाली वाचताना. एडीएचडीवर अमेरिकेत २०२१ मध्ये आलेला अभ्यास तर आणखी बोलका आहे. निम्म्याहून जास्त मुलांना खरं न्यूरोफीडबॅक दिलं, बाकीच्यांना हुबेहूब दिसणारं खोटं. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना कुणालाच माहीत नव्हतं. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि जवळपास सारखीच.

म्हणून "आमच्या मुलाला फरक पडला" म्हणणारे पालक खोटं बोलत नाहीत. पाच महिन्यांत मूल पाच महिन्यांनी मोठं होतं, सोबत ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी चालूच असते, आणि आठवड्यातून दोनदा कोणीतरी शांतपणे त्याच्याशेजारी बसतं. यातलं कशाचं श्रेय मशीनला जातं हे आलेखावरून कळत नाही.

त्या साठ हजारांत वाचा-भाषा तज्ज्ञाकडे बरेच महिने जाता येईल. ते तुम्हालाही समोर बसवून घरी काय करायचं ते शिकवतील, असेच तज्ज्ञ बघा. चित्रकार्डं किंवा टॅबवरचं बोलणारं अ‍ॅप सुचवलं तर घाबरू नका, त्याने तोंडी बोलणं मागे पडत नाही. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढलंय का? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझमसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. कागदपत्रांचा ताप आहे, पण करून ठेवा.

आणखी एक. सेंटरवाले 'ब्रेन मॅप' म्हणून रंगीत डोक्यांची चित्रं देतात. त्यावरून निदान करू नका. मूल मध्येच टक लावून थिजल्यासारखं होत असेल किंवा झटका आल्यासारखं वाटत असेल तर बालमेंदूतज्ज्ञाकडे नेऊन रीतसर ईईजी (मेंदूच्या लहरींची वैद्यकीय तपासणी) करा. ऑटिझमसोबत अपस्मार बऱ्याच मुलांत असतो.

एवढं सगळं ऐकूनही घरच्यांना करून बघायचंच असेल तर दहा सेशन्सचेच पैसे भरा, आत बसू द्या म्हणून अडून राहा, आणि दात, मान, पापण्या यांचा गोंगाट कसा वगळता ते विचारा. आदल्या रात्री शाम्पूने डोकं धुवा आणि आजींना सांगून ठेवा, त्या दिवशी तेल नको. तेलकट डोक्यावर वाटी धरत नाही, घासण्यातच निम्मं सेशन जातं आणि मूल रडकुंडीला येतं.