वाचक विचारतात : मुद्दल कधीच न फिटणारा रोखा

प्रश्न : १६४८ च्या एका डच कर्जरोख्यावर आजही व्याज मिळतं म्हणे. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. नेदरलँड्समधल्या लेक नदीवरच्या बांधांच्या कामासाठी तिथल्या जलमंडळाने १००० गिल्डरचा (गिल्डर म्हणजे जुनं डच चलन) हा रोखा चामड्यावर लिहून दिला. मुदत नाही, त्यामुळे मुद्दल परत मागता येत नाही. व्याज ५ टक्क्यांवरून अडीचवर आलं. वर्षाचे २५ गिल्डर, म्हणजे आजचे सुमारे ११.३५ युरो. देणं आता वारस जलमंडळाकडे आहे.

गोम वसुलीत आहे. रोखा धारकाचा, म्हणजे ज्याच्या हाती त्याचा, म्हणून तो प्रत्यक्ष समोर ठेवावा लागतो. हप्त्यांच्या नोंदींना चामडं पुरेना, तेव्हा १९४४ मध्ये पुरवणी जोडली. हा रोखा आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे आहे; त्याने २०१५ मध्ये १२ वर्षांचे १३६.२० युरो घेतले. एवढ्यात विमानाचं तिकीटही निघत नाही!