बेळगावच्या सांबरा विमानतळावर धावपट्टीऐवजी उलटा फिरणारा पट्टा असला, तर विमान उडेल का?

उडेल की हो!

तुम्ही विचारलंय, साखर कारखान्यात ऊस नेणाऱ्या पट्ट्यासारखा, पण धावपट्टीएवढा पट्टा विमानाच्याच वेगाने मागे फिरला तर काय होईल. गोंधळ होतो तो विमानाला मोटार समजल्यामुळे. मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्ता मागे ढकलतात. विमानाची चाकं नुसती मोकळी फिरतात. ढकलण्याचं काम पंखा किंवा जेट इंजिन करतं, आणि तेही हवेला. पायात स्केट घालून ट्रेडमिलवर उभे राहा आणि समोरच्या भिंतीला बांधलेला दोर ओढा. पट्टा कितीही पळो, तुम्ही पुढे सरकणारच.

समजा, उड्डाणाला ताशी 200 किमी वेग लागतो. पट्टा उलटा 200 ने फिरला, तर चाकं 400 च्या वेगाने गरगरतील, बेअरिंगचं घर्षण थोडं वाढेल, बास. पंखांवरून हवा मात्र 200 नेच जाईल आणि उचल तिच्यामुळेच मिळते.

काही जण ‘पट्ट्याचा वेग चाकांच्या वेगाइतका’ अशी अट घालतात. पण चाकांचा वेग म्हणजे विमानाचा अधिक पट्ट्याचा; मग विमान जागेवरच आहे हे आधीच गृहीत धरल्यासारखं झालं! 2008 साली ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी छोटं विमान मागे ओढल्या जाणाऱ्या ताडपत्रीवरून पळवून पाहिलं. उडालं.